पंख्याला फक्त जड कळतं

पन्नाशी जवळ आली तरी देवगड बंदरात मला अजून बंटीच म्हणतात. बंटी कोयंडे. माझ्या नावावर एक ट्रॉलर आहे, एक बायको आहे आणि भानगडी किती आहेत ते मीही मोजत नाही. बर्फवाल्या मॅनेजरला मी एकदा पटवून दिलं होतं की सुरमईला बडीशेपेच्या पाण्याचा बर्फ लागतो. तो बिचारा बाजारात बडीशेपेचा भाव काढत फिरत होता. असल्या माणसावर बंदराने संशय घेतला तर त्यात नवल नाही. या खेपेला संशय मी घेतला, आणि तोही सख्ख्या मेव्हण्यावर.

मेव्हणा म्हणजे लवू जुवाटकर. शमिकाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पाठचा भाऊ आणि माझ्या बोटीचा तांडेल. बोट माझी, पण समुद्रात शब्द त्याचा. बोलतो कमी. मी पाच विनोद केले की तो एकदा नाक उडवतो, तेवढंच माझं मानधन.

आमच्या धक्क्यावर एक रिवाज आहे. निघालेल्या बोटीला कोणी 'खंय?', म्हणजे कुठे, म्हणून विचारायचं नाही. विचारलं की अपशकुन. बोट परत फिरते आणि विचारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. लोक म्हणतात श्रद्धा. मी म्हणतो धंदा. ज्याची मासळीची जागा त्याच्या पोटात राहावी म्हणून कुणा शहाण्या म्हाताऱ्याने देवाला मध्ये घातलाय.

आमच्याही पोटात एक जागा होती. नाव 'मावशीचं घर', कारण केव्हाही जा, उपाशी परत पाठवत नाही. कोळंबी असायची तिथे, भरपूर. सासऱ्याने लग्नात मला अंगठीसुद्धा घातली नाही, पण ही जागा दिली. दीपगृह कुठल्या पवनचक्कीच्या आड गेलं की जाळं सोडायचं, ते मला आणि लवूला माहीत. बाकी कोणाला नाही. शमिकालाही नाही.

मग सांगड आली.

डिझेलचा कोटा लागू झाला त्या वर्षीची गोष्ट. सरकारने प्रत्येक बोटीचं डिझेल बांधून दिलं, आणि आमच्या बोटी तर डिझेल पीत नाहीत, ढोसतात. त्यातली मेख समजून घ्या. पंखा म्हणजे पाण्यात फिरणारा स्क्रू. एका फेरीत किती पुढे घुसायचं ते पात्यांच्या तिरकेपणावर ठरतं. इंजिनाचा जोर भराभर फिरण्यात, आणि पंख्याला पाणी नीट धरायचं तर सावकाश फिरावं लागतं. म्हणून दोघांच्या मध्ये गिअर. आता पाती जास्त तिरकी असली तर इंजिन कण्हतं आणि काळा धूर ओकतं. कमी तिरकी असली तर इंजिन नुसतं बोंबलतं, बोट जागची हलत नाही. आणि ट्रॉलरचं दुखणं त्याहून वाईट. जाताना ती रिकामी पळते, जाळं सोडलं की नांगराच्या बैलासारखी ओढते. एक पंखा दोन्ही कामांना बरोबर बसेल कसा? पळायला बरा तो ओढायला वाईट. मधला काहीतरी लावायचा आणि दोन्हीकडे थोडं थोडं डिझेल जाळायचं, हे आमच्या आज्यापासून चालत आलेलं.

सांगडीने, म्हणजे एका कंपनीच्या नव्या यंत्रणेने, हे दुखणंच काढून टाकलं. तिच्या पंख्याची पाती थरांवर थर देऊन केलेली. थरांत वीज सोडली की पातं आपला पीळ बदलतं, उन्हात पापड वळतो तसं. गिअरलाही ठरलेल्या पायऱ्या नाहीत, हवं ते प्रमाण धरतो. शाफ्टवर एक कडं बसवलेलं, ते शाफ्ट किती पिळवटतोय हे क्षणाक्षणाला मोजतं. त्या मापावरून एक डबी इंजिन, गिअर आणि पंखा यांची जुळणी करत राहते. लाट बदलली, जुळणी बदलली. शिवाय एका बोटीची डबी जे शिकेल ते बाकीच्या डब्यांनाही कळायचं, म्हणजे सगळ्याच बोटी हुशार.

पहिल्याच फेरीत लवू म्हणाला, "भावजी, पंखो एकदम मऊ चलता हा." तेवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून वर्षात ऐकलं नव्हतं. धूर गेला. निम्म्या डिझेलमध्ये मावशीकडे जाऊन यायला लागलो. समोरच्या पडद्यावर एक हिरवा बाण दिसायचा, 'किफायतशीर दिशा'. बाणाकडे आम्ही बघायचो नाही. मावशीच्या घरचा रस्ता आम्हाला कोणी सांगायला नको होता.

एका सकाळी मावशीच्या घरी पोचलो तर दारात सहा बोटी.

सदा तारीची बोट, रांज्याची बोट, आणखी कोण कोण. सगळे आमच्याकडे बघून हात हलवत होते, जसे काही लग्नालाच आलेत. मी लवूकडे बघितलं. तो समोर बघत होता. चेहऱ्यावर काही नाही. आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. काहीच नाही म्हणजे काय? काहीतरी पाहिजे ना!

एकदा संशय आला की त्याला खायला घालावं लागत नाही, तो स्वतःच चरतो. मला दिसायला लागलं की लवूकडे नवा फोन आहे. तो चहाच्या टपरीवर सदा तारीबरोबर कोपऱ्यात बसतो, आणि मी गेलो की दोघे हवामानावर बोलतात. बंदरात हवामानावर कोण बोलतं? ते मासळी वाळत घालणाऱ्या बायका बोलतात. बोटीवर तर लवू अधूनमधून इंजिनखणात एकटाच उतरायचा, वरून झाकण ओढून घ्यायचा आणि लाल तोंड करून वर यायचा.

"खाली काय करतंस?" मी विचारलं.

"ऑइल बघतंय."

"ऑइल बघूक झाकण लावचा लागता?"

"वारो लागता," म्हणाला. इंजिनखणात वारा!

मी मग माझं ठेवणीतलं काढलं. लवूला म्हटलं, उद्या मावशी सोडून दक्षिणेला जाऊ, कुणकेश्वरच्या बाहेर, मला जागा गावलीय. गेलो. एक बोट आली नाही तिकडे. बघा, म्हटलं मनाशी, पठ्ठ्याने ओळखलं की मी गळ टाकलाय. नंतर लवूला शमिकाबरोबर कणकवलीला डॉक्टरकडे पाठवलं आणि मी खलाशांना घेऊन मावशीकडे गेलो. मागोमाग बोटी हजर. बघा, म्हटलं, कणकवलीतून फोन केला. त्याने सांगितलं तरी तोच चोर, नाही सांगितलं तरी तोच. इतकं सोपं गणित मी शाळेतही सोडवलं नव्हतं.

शमिकाला सांगितलं तेव्हा ती कोळंबी सोलत होती.

"तुमका वाटता काय, माझो भाव बापाशीची जागा इकतलो?"

"माका वाटत नाय. माका दिसता."

"मगे तोंडार इचारा तेका."

"असा कसा इचारू? आमच्या बंदरात..."

"बंदर नको सांगा माका!" तिने कोळंबीचं डोकं असं खुडलं की मी मान आत घेतली. "उभ्या जल्मात लोकांची मस्करी करताना तुमका तोंड गावला. आता गावना नाय?"

बरोबर होतं तिचं. पण विचारलं आणि तो 'नाय' म्हणाला तर? मी विश्वास ठेवणार होतो थोडाच.

शेवटी मी केलं ते केलं. आमच्याकडे तांडेलाला काढायचं म्हणजे त्याचा डबा उतरवायचा. बोट सुटायच्या वेळी मालक त्याचा जेवणाचा डबा उचलतो आणि धक्क्यावर नेऊन ठेवतो. शब्द नाही, भांडण नाही. पण ज्याचा डबा उतरला त्याला देवगडात दुसरी बोट कोणी देत नाही. आणि लवूला समुद्राशिवाय दुसरं काही येत नाही. भर सकाळी, सगळ्या धक्क्यासमोर, मी त्याचा डबा उतरवला.

लवूने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भावजी, ही मस्करी काय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "नाय."

त्याने डबा उचलला आणि चालू लागला. शमिकाने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवण मात्र वाढायची, आणि त्या जेवणात मीठ नसायचं.

पुढच्याच फेरीला मावशीच्या घरी आठ बोटी.

लवू तर बोटीवर नव्हता! मग कोण? खलाशी? त्यांचे फोन मी काढून घेतले. शमिका? दोन रात्री मी जागून बघितलं, मी झोपेत बडबडतो का, म्हणजे तिने ऐकून सांगितलं का. जागं राहून आपण झोपेत बोलतो का हे बघणारा मी जगातला पहिला माणूस असेन. तेव्हा ठरवलं, असं करायचं की गुपित माझ्या एकट्याच्या पोटात राहील. मग फुटलं तर फोडणारा कोण ते कळेलच.

बंदराच्या वायव्येला एक जागा आहे, 'बोडको' म्हणतात तिला. नुसती वाळू. तिथे जेलीफिशसुद्धा वाट चुकून येतात. इंजिनाची चाचणी घेतो असं सांगून मी एकटाच बोट घेऊन निघालो. कोणाला काही बोललो नाही, तोंडाने की झोपेत. जाळ्यात जुने टायर भरले, बोटीच्या कडेला लावतो ते, आणि नारळाच्या सुक्या सोडणाची पोती, पाणी प्यायली की दगड होणारी. बोडक्यावर जाळं सोडलं, ओढलं, टायरांसकट वर घेतलं, खणात ओतलं आणि वर ताडपत्री घातली. जाळं ओढायला विंच आहे म्हणून एकट्याने जमलं, पण कंबर कामातून गेली. येताना बोट पाण्यात अशी खाली बसली होती की बघणाऱ्याला वाटावं, बंटीला कुबेर पावला. जो कोणी दुर्बिणीतून हेरत असेल त्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, हा माझा डाव.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घेऊन मी किल्ल्यावर चढलो. बोडक्यावर अकरा बोटी.

अकरा! गंभीर चेहऱ्याची शहाणीसुरती माणसं वाळूत जाळी ओढत होती, आणि एकही दुसऱ्याला विचारू शकत नव्हता की बाबा, तू इथे का. मी हसलो. इतका हसलो की दीपगृहाचा माणूस बाहेर आला. मग हसता हसता दुर्बीण खाली घेतली. बोडक्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. लवूला तर नाहीच.

तिथूनच मी सांगडवाल्या कंपनीला फोन लावला. ओवी नावाची इंजिनीअर पोरगी, आमच्याकडे बसवायला तीच आली होती.

"तुमची डबी माझी जागा सांगते काय लोकांना?"

"नाही काका. जागाबिगा कोणाला जात नाही. फक्त जुळणी जाते."

"जुळणीत काय असतं?"

ती खोटं बोलणारी नव्हती. "कुठल्या पाण्यात पंख्यावर किती ताण आला, ते. बोट जाताना हलकी होती, येताना जड झाली, म्हणजे तेवढ्या डिझेलात तिने जास्त वजन आणलं. मग त्या वाटेला डबी चांगली वाट समजते, आणि बाकीच्या बोटींचा हिरवा बाण थोडा तिकडे झुकतो."

"म्हणजे मासे कुठे ते सांगतेच की!"

"काका, पंख्याला मासा म्हणजे काय ते माहीतच नाही. त्याला फक्त जड कळतं." मग हळू आवाजात म्हणाली, "असं वापरलं जाईल हे आमच्या डोक्यात नव्हतं. शेअरिंग बंद करता येतं. पण मग पूर्वीसारखी जुळणी होणार नाही."

कुणकेश्वरला बोट हलकीच परतली होती, म्हणून तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. कणकवलीहून कोणी फोन केला नव्हता. सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि मी लवूचा चेहरा वाचत बसलो होतो.

धक्क्यावर उतरलो तेव्हा बोडक्यावरच्या बोटी परत येत होत्या. टोपल्या रिकाम्या. सदा तारी बोटीतून उडी मारून सरळ माझ्याकडे आला आणि पायाशी एक टायर आपटला. त्यावर पांढऱ्या रंगात माझ्याच हाताने लिहिलेलं, 'कोयंडे'. ओढताना जाळ्यातून एक निसटला असणार.

"ह्यो टायर तुझो! माझां जाळां फाटलां!"

आता धक्का जमला. मी टायरवर पाय ठेवला आणि जे कधी कोणी विचारत नाही ते विचारलं.

"सदा, बोडक्यार तू कित्याक गेल्लंस?"

कोणीतरी 'शिव शिव' म्हटलं. सदाच्या कपाळावरची शीर उडाली.

"खंय गेलंय तां इचारणारो तू कोण?"

"वाळूत टायर पेरणारो. सांग. कोणी सांगल्यान तुका?"

"कोणी नाय! माझां नशीब..." तो अडखळला. "बाण थयसर दाखवी होतो. डिझेल वाचता म्हणान गेलंय."

"माका पण बाणानच नेल्यान," मागून रांज्या म्हणाला.

मग एकेक करून सगळेच. आपल्याला नशिबाने नेलं असं वाटणारी ती सगळी तांडेल मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. रांज्याने मटकन बसून डोक्याला हात लावला. त्याचीही जागा अशीच फुटली होती, आणि त्या संशयावरून त्याने गेल्या महिन्यात सख्ख्या भावाशी भांडून बोट वाटून घेतली होती.

मी म्हटलं, "मगे लवू टपरीवर तुका काय सांगी होतो रे, सदा?"

सदाने माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याच्या जाळ्यात आलेला दुसरा टायर आहे. "माझ्या भयणीबद्दल बोला होतो, नमिताबद्दल. बर्फाच्या कारखान्यात आसा ती. दोघांचा जमला हा. तुझ्या इंजिनखणात बसान तिकाच फोन करी तो."

"मगे माका कित्याक नाय सांगल्यान?"

"तुका?" सदा म्हणाला. "बेचाळीस वर्साच्या माणसाक पयल्यांदा बायल गावता हा. आणि तुका सांगतलो? तू वरातीत डॉल्फिन नाचवलंस असतंस!"

धक्का हसला. मी हसलो नाही. डॉल्फिनची कल्पना मला खरंच आवडली होती, आणि तेच वाईट वाटलं.

"आता काय?" मी विचारलं.

"आता काय! डबो उतरलेल्या माणसाक भयण कशी देतलंय? आई नाय म्हणता."

उतरवलेला डबा मालकाने परत चढवायचा तर स्वतःच्या घरचं जेवण नव्या डब्यात भरून सगळ्यांसमोर द्यायचं, असं जुने लोक सांगतात. तसं केलेलं मी कधी बघितलं नव्हतं. घरी जाऊन शमिकाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चुलीकडे बोट केलं.

"तुमी करा."

मी कालवण केलं. नारळ जास्त पडला, कोकम कमी, आणि तिखटाचा तर हातच सुटला. तो डबा घेऊन भर लिलावाच्या वेळी धक्क्यावर लवूपुढे गेलो. जाळी विणत बसला होता, लोकांची. मी मोठ्याने म्हटलं, "चुकलंय मी. हो सगळो धक्को ऐकता हा." त्याने डबा उघडला, तिथेच एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं. भावनेचं असेल असं मी शमिकाला सांगतो.

"भावजी," म्हणाला, "येतंय. पण तो पंखो काढा."

"शेअरिंग बंद करतंय ना."

"माझो ईश्वास नाय तेच्यार."

पंखा काढला. परसात पडलेला जुना पितळी पंखा घासून लावला. काळा धूर परत आला, आणि कोट्याच्या डिझेलात निम्म्याच फेऱ्या व्हायला लागल्या. बाकी कोणी काढला नाही. रांज्यानेसुद्धा नाही. काढेल कसा, घर चालवायचंय त्याला.

पहिल्या फेरीला लवूने मावशीकडे जायची वाट धरली नाही. सुकाणू धरून म्हणाला, "मावशी आता सगळ्यांची झाली. बापाशीन माका आणखी एक जागा दाखवल्यान हा. ताईक म्हायत नाय. तुमका तर नायच."

म्हणजे गुपित होतंच बेट्याकडे! माझ्या डोक्यात किडा परत हलला.

"थयसर नेतंय," तो म्हणाला. "पण तुमी जमिनीक पाठ करून बसायचां."

त्याने दोघांचे फोन बादलीत टाकले, जीपीएसवर गोणपाट घातलं. मी केबिनच्या पुढे, नाळेकडे, म्हणजे बोटीच्या टोकाकडे, तोंड करून बसलो. बोटीचा मालक, शिक्षा झालेल्या पोरासारखा. समोर नुसतं पाणी. ऊन चढलं. इंजिन ओळखीच्या सुरात खोकत होतं.

पायाशी चहाचा थर्मास होता. शमिकाने नवाच घेतलेला, स्टीलचा, आरशासारखा. सहज खाली बघितलं तर त्याच्या पोटात सगळा किनारा उतरला होता. वाकडा, बुटका, पण सगळा. दीपगृह, पवनचक्क्या, किल्ल्याची भिंत, हळूहळू एकमेकांकडे सरकणारी. मागे लवूने इंजिन मंद केलं. जागा जवळ आली होती. आणखी जरासं, आणि काय कशाच्या आड जातं ते मला दिसलं असतं. त्याला कधी कळलंही नसतं.

मी खांद्यावरचा टॉवेल काढून थर्मासवर टाकला.

"काय झाला, भावजी?" केबिनच्या खिडकीतून आवाज आला.

"काय नाय. ऊन लागता."

"थर्मासाक?"

"थर्मासाक."

मग नाक उडवल्याचा आवाज आला.

"सोडा जाळां," लवू म्हणाला.

विंच माझ्या मागे होतं. मी उठलो आणि तोंड समुद्राकडेच ठेवून, उलट्या पावलांनी, चाचपडत विंचाकडे गेलो.